चोवीसचे अठरा

त्या रविवारी नाथाजी मोहिते नेहमीप्रमाणे सहाला उठले, बिनदुधाचा चहा प्याले आणि बायकोनं काही विचारायच्या आत किल्ली घेऊन धावपट्टीकडं निघाले. शालन शनिवारी संध्याकाळीच साताऱ्याहून आली होती. अंगावर शाल घेऊन तीही त्यांच्या मागोमाग बाहेर पडली. सन एकोणीसशे शहात्तर. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते आणि साखर कारखान्याच्या कॉलनीवर मळीचा आंबूसगोड वास दाटून राहिला होता. उजाडायच्या आधीच उसाच्या बैलगाड्यांची रांग कुंडलच्या रस्त्याला लागली होती.

कारखान्याकडं दोन माणसांचं एक लहान विमान होतं. उसावर पाकोळीची कीड पडली की त्यातून औषध फवारायचं, एरवी अधूनमधून पुण्याला जाऊन यायचं, एवढंच त्याचं काम. ते चालवायचे लालासाहेब भोइटे. नाथाजी वीस वर्षं एअरफोर्समध्ये इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त होऊन गावाकडं आले तेव्हा कारखान्यानं त्यांना या विमानासाठी बोलावून घेतलं. विमान तसं साधंच होतं, पण नाथाजी त्याची उस्तवार एखाद्या घोड्यासारखी करत.

धावपट्टीच्या कडेला पत्र्याची एक खोली होती. तिथं फळीवर एक बॅटरी कायम चार्जिंगला असे आणि दुसरी विमानात. एक उतरली की दुसरी चढायची. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर नाथाजी खडूनं तारीख घालत आणि उतरवलेल्या बॅटरीवरची तारीख ओल्या फडक्यानं पुसत. तारीख असलेली बॅटरी म्हणजे भरलेली बॅटरी. लालासाहेबांपासून जीपच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं.

त्यांनी काचेची नळी बॅटरीच्या तोंडात घातली, रबरी फुगा दाबून अॅसिड वर ओढलं आणि नळी खिडकीच्या उजेडाकडं धरली. मग डोळे बारीक करून ती शालनपुढं केली.

"वाच गं. माझ्या चष्म्याला आता आकडं दिसंनात."

"बाराशे सत्तर."

"दुसऱ्या घराचं?"

सहाही घरं झाली. सगळीकडं बाराशे सत्तर, एकात बाराशे पासष्ट; म्हणजे पूर्ण भरलेली. नाथाजींनी समाधानानं झाकणं लावली आणि बॅटरीच्या लाकडी पेटीवर खडूनं तारीख घातली, अठरा एक.

शालन साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत होती. वय अठ्ठावीस. खोलीत पुस्तकांची दोन कपाटं होती आणि लग्नाचा विषय तिनं घरात जवळजवळ बंद करून टाकला होता. नाथाजींना तिचा अभिमान होता. पण या खोलीत पाय ठेवला की त्यांच्या लेखी ती दहा वर्षांचीच होई. आजही त्यांनी विचारलंच.

"किती अँपिअरची?"

"चोवीस अँपिअर-तास."

"धरायचं किती?"

"अठरा. जुनी बॅटरी, म्हणून पाऊण हिस्सा."

"रातच्याला उडायचं तर?"

तिला हे सगळं तोंडपाठ होतं. पंखांच्या आणि शेपटीच्या दिव्यांना पाच, आतल्या घड्याळांवरच्या दिव्यांना दोन, रेडिओला तीन. तासाला एकूण दहा. उतरताना लागणारा मोठा दिवा एकटा आठ खातो, म्हणून तो शेवटची पाच मिनिटंच लावायचा. इंजिनावर वीज करणारा डायनामो चालू असेल तर बॅटरीला हात लावायची गरज नाही. डायनामो बंद पडला, तर मात्र हा हिशेब सुरू होतो.

"दिवसा बॅटरी काढून घेतली तरी विमान उडतं," नाथाजी म्हणाले. "इंजिनाची ठिणगी इंजिनच पाडतं. रातच्याला पायलट आंधळा. मग त्याचं डोळं म्हंजे ही. म्हणून हिला कुणाच्या दारात न्यायची न्हाई."

हा शेवटचा टोमणा कुणासाठी होता ते शालनला कळलं. गावोगावच्या लाउडस्पीकरवाल्यांना बॅटरी लागत असे. वीज गेली की लग्नाच्या मांडवातनं, तमाशाच्या कनातीतनं नाथाजींकडं माणूस यायचा आणि हात हलवत परत जायचा. संचालकांच्या सभेलाही त्यांनी बॅटरी दिली नव्हती. कॉलनीत त्यांची थट्टा चाले. वजनकाट्यावरच्या कारकुनाची बायको राहीबाई एकदा शालनसमोरच म्हणाली होती, "तुझ्या आबांकडं बॅटरी मागण्यापरास सासूकडं नथ मागावी. ती निदान इचार करती."

शालन तेव्हा हसली होती, पण मनातून ओशाळली होती. आपले वडील थोडे हेकट आहेत, असं तिला फार दिवसांपासून वाटत होतं.

दुपारी बाराच्या सुमारास कारखान्याची घरघर अचानक थांबली. गळिताच्या दिवसांत तो आवाज कानांना इतका सरावाचा असतो, की थांबल्यावरच ऐकू येतो. टर्बाइनचा कुठलासा भाग मोडला होता. कारखान्याची वीज त्या टर्बाइनवरच तयार होई. तेव्हा कारखान्याबरोबर कॉलनीही बंद पडली. नाथाजींना बोलावणं आलं. एवढ्या गडबडीत जाणतं माणूस हाताशी हवंच. खोलीची किल्ली त्यांनी घरातल्या खुंटीला अडकवली आणि जेवणावरून उठून गेले.

त्याच दिवशी चार वाजता कॉलनीच्या मैदानात बायकांचं हळदीकुंकू होतं. राहीबाईनं पुढाकार घेतला होता. पलूसहून लाउडस्पीकर आणला होता, आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायकाही येणार होत्या आणि शालन भाषण करणार होती. मुलींनी का शिकायचं, या विषयावर. तिनं ते आठवडाभर लिहिलं होतं, दोनदा फाडून पुन्हा लिहिलं होतं. साडेतीनला राहीबाई रडवेली होऊन आली. वीज नाही, लाउडस्पीकरवाला म्हणतो बॅटरी द्या, त्याची स्वतःची बसलीय. दीडदोनशे बायका येऊन बसल्यात, मागच्यांना तुझा शब्दसुद्धा ऐकू जायचा नाही.

शालननं खुंटीकडं पाहिलं. आई मैदानात वाण वाटायला गेली होती. विमान आज उडणार नव्हतं, उद्याही काही ठरलं नव्हतं. तास-दोन तासांचा प्रश्न. ती राहीबाईला एवढंच म्हणाली, की आबांना सांगू नका. आणि दोघींनी मिळून ती बॅटरी मैदानात नेली. राहीबाईनं टेबलाखाली ठेवून तिच्यावर जुनं लुगडं टाकलं.

भाषण वीस मिनिटं झालं. चांगलं झालं. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकाही माना हलवत होत्या. स्वतःचाच आवाज उसाच्या फडांवरून फिरून परत येताना शालनला पहिल्यांदाच ऐकू आला आणि तिला तो आवडला. नंतर रेकॉर्डी लागल्या, उखाणे झाले, फुगड्या झाल्या. बॅटरी चारपासून सातपर्यंत चालू होती. अंधार पडल्यावर कंदिलाच्या उजेडात शालननं ती परत आणून फळीवर ठेवली.

ठेवताना तिला खडूची तारीख दिसली. पुसायला एक फटकारा पुरे होता. पण पुसली असती तर आबांनी सकाळी विचारलं असतं, आणि ते विचारतील तेव्हा ती साताऱ्याच्या गाडीत असली असती. म्हणजे आईला उत्तर द्यावं लागलं असतं. वीज नव्हती, त्यामुळं चार्जिंगला लावायचाही प्रश्न नव्हता. आपण आबांना रात्री जेवताना सांगू, असं तिनं ठरवलं.

नाथाजी दहाला आले. हात तेलानं काळे, डोळे लाल. दोन भाकरी दुधात कुस्करून खाल्ल्या आणि म्हणाले, भाषण लय चांगलं झालं म्हणं. पार टर्बाइनपर्यंत तुझा आवाज येत हुता. लाउडस्पीकर कशावर चालला, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. दमलेल्या माणसाला येतही नाही. शालन म्हणाली, हो, बरं झालं. आणि तिनं ताट उचललं. त्यांच्या तोंडावरचं ते कौतुक आत्ताच पुसून टाकणं तिच्या जिवावर आलं. पत्रानं कळवू, असं तिच्या मनात आलं. शिवाय आबा बॅटरी तपासल्याशिवाय बसवतात थोडीच.

पहाटे ती निघाली तेव्हा ते झोपलेले होते. एरवी तिला गाडीवर बसवून द्यायला येत. आईनं उठवू का म्हणून विचारलं. शालन नको म्हणाली.

सोमवारी दुपारी कारखान्यानं लालासाहेबांना पुण्याला पाठवलं. टर्बाइनचा तो भाग तिथं तयार होता; तो रस्त्यानं, ट्रकमधून आणायचा म्हणजे आणखी एक दिवस उसाच्या गाड्या वाळत उभ्या राहणार. विमानातली बॅटरी फवारणीच्या दिवसांपासून चढलेली होती, म्हणून नाथाजींनी ती उतरवली आणि फळीवरची, कालच्या तारखेची बसवली. काल सकाळी सहाही घरं स्वतः तपासली होती, मुलीनं आकडे वाचले होते. पुन्हा तपासायचं काही कारणच नव्हतं. इंजिन त्यांनी नेहमीसारखं पंखा हातानं फिरवून सुरू केलं. स्टार्टरचं बटण दाबलं असतं, तर बॅटरी तिथंच बोलली असती. पण बॅटरी वाचवायची म्हणून ते बटण कधी दाबतच नसत. डायनामो गेले काही दिवस कुरकुरत होता, तेव्हा तेही विमानात बसले.

पुण्यात उतरल्यावर त्यांना कळलं, की डायनामो वाटेतच मेला होता. त्याचे ब्रश तिथं मिळाले नाहीत. टर्बाइनचा भाग ताब्यात यायला साडेपाच वाजले. आता निघायचं, तर शेवटची पस्तीसचाळीस मिनिटं अंधारात जाणार होती आणि डायनामोशिवाय. लालासाहेबांनी विचारलं, काय करायचं? नाथाजींनी सिगारेटच्या पाकिटावर हिशेब मांडला. धरायचे अठरा. येताना रेडिओनं खाल्ले दोन. उरले सोळा. जाताना लागणार आठ. दुप्पट शिल्लक. लालासाहेबांनी पुन्हा एकदा विचारलं, बॅटरी भरलेली आहे ना? आणि नाथाजी म्हणाले, काल मी स्वतः भरलीय.

सातारा ओलांडताना त्यांनी दिवे लावले. कऱ्हाडच्या अलीकडं ते पिवळे पडायला लागले आणि मग सगळंच गेलं, आतले, बाहेरचे, रेडिओ. अकरा मिनिटं झाली होती. चंद्र उगवायला तासाच्या वर अवकाश होता. कृष्णेच्या पाण्याची पुसट रेघ धरून लालासाहेब कसेबसे कारखान्यापर्यंत आले. कारखाना काळाठिक्कर होता. लोकांनी धावपट्टीच्या दोन्ही अंगांना ट्रॅक्टर उभे करून त्यांचे दिवे लावले होते. पट्टी तेवढी दिसत होती, तिच्या अलीकडचा कालव्याचा भराव दिसत नव्हता. तो दाखवायचा मोठा दिवा पंखात होता, पण त्याला द्यायला काही उरलं नव्हतं. चाकं भरावाला अडली. लालासाहेबांचा गुडघा फुटला. नाथाजी जागीच गेले.

शालनला मंगळवारी सकाळी, नववीच्या वर्गावर असताना बोलावून घेतलं.

चौकशी झाली. एप्रिलमध्ये निकाल आला. बॅटरी पूर्ण भरलेली नव्हती आणि संबंधित इलेक्ट्रिशियननं ती न तपासता बसवली. विद्युत देखभालीत हलगर्जी. चौकशीवाल्यांनी शालनला काहीच विचारलं नाही. साताऱ्याच्या मास्तरणीला विचारण्यासारखं त्यात काय होतं? राहीबाईलाही कुणी विचारलं नाही. तेराव्याला ती आली, शालनशेजारी बसली, तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि तशीच उठून गेली. पुन्हा कधी ती मोहित्यांच्या घरी आली नाही.

हिशेब शालननं किती वेळा मांडला असेल. फळ्यावर मुलींना त्रैराशिक शिकवताना, शाळेतून येताना, अंथरुणावर. लाउडस्पीकरला तासाला पाच; तीन तासांचे पंधरा. पुण्याला जाताना दोन. अकरा मिनिटांचे जवळजवळ दोन. एकूण एकोणीस. आबांनी अठरा धरले होते, त्या जुन्या बॅटरीनं एक जास्तच दिला होता. एवढं चोख गणित तिनं आयुष्यात दुसरं पाहिलं नव्हतं, आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती.

कॉलनीतलं घर सोडावं लागलं. आई कुंडलला दिराकडं राहायला गेली. शालन महिन्यातून एकदा जाई. लोक नाथाजींबद्दल वाईट बोलत नसत. ते फार चांगलं बोलून मग सुस्कारा टाकत, आणि ते जास्त लागे. हुशार माणूस हो, पण वय झालं, नजर गेली. शालनच्या आईनं, अंबूबाईंनी, तर हे पक्कंच धरलं होतं. दिवाळीपासून नाथाजी मिरजेला चष्मा बदलायला जाऊ म्हणत होते आणि दर वेळी आपणच काहीतरी आडवं घातलं. कधी बहिणीच्या घरचं कार्य, कधी हळदीकुंकू. आकडे दिसले नाहीत म्हणून माणूस चुकला, आणि दिसले नाहीत ते आपल्यामुळं. चुलीसमोर बसल्या की त्या हेच सांगत, भिंतीला सांगितल्यासारखं. शालन समोर बसून ऐकायची. 'आकडे मी वाचले होते, आई, सगळे बरोबर होते,' एवढं सांगणंही तिला जमलं नव्हतं. कारण मग त्याच्या पुढचं वाक्यही सांगावं लागलं असतं.

साताऱ्यात तिची खोली शनिवार पेठेत होती. लालासाहेब सदर बझारात राहत होते. विमान चालवणं बंद झालं होतं. वर्षभर शालन त्या बाजूला फिरकली नाही. भाजी घ्यायलासुद्धा ती लांबच्या रस्त्यानं जायची.

वर्षश्राद्ध झाल्यावर अंबूबाईंनी विषय काढला. त्यांना त्या पायलटच्या घरी जायचं होतं. त्याचा पाय गेला, नोकरी गेली आणि आपल्याकडनं एक माणूस विचारपूस करायला गेला नाही. "तुझं आबा असतं तर पयल्या दिशी गेलं असतं. मला त्यांच्या वतीनं माफी मागायची हाय. म्हंजे त्यांचं मन मोकळं व्हईल." शालननं पुष्कळ सांगून पाहिलं. लांब आहे, थंडी आहे, त्यांना आवडणार नाही. अंबूबाई नुसत्या ऐकत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं लुगडं नेसून, फडक्यात शेंगा आणि गुळाची ढेप बांधून ओट्यावर येऊन बसल्या.

एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. कऱ्हाड गेलं, उंब्रज गेलं. शालनच्या हातात पुस्तक होतं आणि साताऱ्यापर्यंत तिनं एक पान उलटलं नाही. आपण तिथं जाऊन काय करणार आहोत, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. आईला दारापर्यंत सोडावं आणि शाळेचं काम काढून निघून यावं, असाही विचार तिच्या मनात येऊन गेला.

लालासाहेबांनी स्वतःच दार उघडलं. काखेत कुबडी नव्हती, पण हातात काठी होती आणि उजवा पाय वाकत नव्हता. वय चाळिशीचं, केस कानांपाशी पांढरे झालेले. त्यांनी शालनला ओळखलं नाही, अंबूबाईंना ओळखलं. "या वहिनी," म्हणाले. घरात दुसरं कुणी दिसलं नाही. त्यांनी खुर्च्या दिल्या, आत जाऊन पाणी आणलं. तांब्या-भांडं धरलेल्या हाताशिवाय काठीला एकच हात उरत होता, आणि ते सावकाश आले. मदत करायला उठावं असं शालनला वाटलं, पण ती उठली नाही.

अंबूबाई खुर्चीवर बसल्याच नाहीत. भांडं खाली ठेवून त्या सरळ त्यांच्या पायांकडं वाकल्या. लालासाहेब एकदम मागं सरले, काठी निसटली, भिंतीला हात टेकून त्यांनी तोल सावरला.

"काय करताय, वहिनी? मी लहान आहे तुमच्यापेक्षा."

"वयानं असशिला," अंबूबाई म्हणाल्या. त्या जमिनीवरच बसल्या. "आवं, आमच्या मान्साच्या हातनं चूक झाली. तुमचा पाय गेला, तुमची रोजीरोटी गेली. त्यांनी कवा कुणाचं वाईट केलं न्हाई हो. डोळ्यानं दगा दिला. आन् तो बी माझ्यापायी. चष्म्याला न्या म्हणत हुतं, मीच दिवस काढलं. त्यांच्यावर राग धरू नगासा. धरायचा तर माझ्यावर धरा."

लालासाहेबांनी काठी उचलली. मग तेही पाय लांब करून समोर जमिनीवर बसले. ते सोपं नव्हतं. बसल्यावर त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि ते अंबूबाईंशी बोलत असले तरी शालनकडं पाहत होते.

दिवे गेले तेव्हा नाथाजी घाबरले नाहीत. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं. अकराच मिनिटं, असं काहीसं पुटपुटले आणि पाकिटावरचा हिशेब पुन्हा टॉर्चच्या उजेडात वाचला. त्यात त्यांना चूक सापडली नाही. मग त्यांनी टॉर्च उंची दाखवणाऱ्या घड्याळावर धरला. बसल्या जागेवरून उजेड पोचत नव्हता, म्हणून कमरेचा पट्टा सोडला आणि पुढं वाकले. लालासाहेब ओरडले पट्टा बांधा म्हणून. पट्टा बांधला तर तुम्हाला आकडा दिसायचा नाही, असं नाथाजी म्हणाले. शेवटपर्यंत त्यांचा हात हलला नाही.

"चौकशीत मला विचारलं, की ते काय बोलले. मी खोटं कसं सांगू? ते म्हणाले होते, 'साहेब, गणित माझं हाय. चुकलं असंल तर माझंच चुकलंय.' मी तेवढं सांगितलं आणि त्यांनी तेवढंच लिहून घेतलं." लालासाहेब अंबूबाईंकडं वळले. "राग नाही हो, वहिनी. पण एक गोष्ट मला वर्षभर झोपू देत नाही. तो माणूस न तपासता बॅटरी बसवणारा नव्हता. मग मी विचारल्यावर ते 'भरलीय' असं का म्हणाले? माझ्याशी ते खोटं बोलले का? हे मला कुणी सांगितलं, तर माझा पाय गेल्याचं मला काही नाही."

अंबूबाईंनी पदर तोंडाला लावला. "खोटं न्हाई बोललं ओ. दिसलंच न्हाई त्यास्नी. म्हातारं झालं हुतं माझं मानूस."

खोलीत उन्हाचा पट्टा आला होता. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शालन खुर्चीवर बसून होती, दोघं जमिनीवर, आणि दोघांच्या मध्ये तिचे वडील होते. एकाच्या लेखी कदाचित खोटे आणि दुसरीच्या लेखी आंधळे. तिच्या लक्षात आलं की आता आपण गप्प राहिलो, तर आई आणखी एकदा वाकेल आणि लालासाहेब ते मानून घेतील, आणि पुढं कधीच कुणी हे विचारणार नाही. सगळं नीट मिटेल. तिला फक्त बसून राहायचं होतं. ते तिला चांगलं येत होतं.

ती खुर्चीवरून उतरून आईशेजारी खाली बसली.

"आई," ती म्हणाली. आवाज अगदी हळू आला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. "आई, आबांना दिसत नव्हतं, पण आकडे त्यांनी वाचलेच नव्हते. मी वाचले. बाराशे सत्तर. रविवारी सकाळी बॅटरी पूर्ण भरलेली होती. ते तुमच्याशी खोटं बोलले नाहीत, लालासाहेब."

अंबूबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

"दुपारी त्यांच्या माघारी ती मी नेली. हळदीकुंकवाला. माझ्या भाषणाला. आणि परत ठेवून दिली, आबांना सांगितलं नाही. त्यांचं गणित बरोबर होतं, आई. मी सांगितलं नाही."